रांजणाखालची स्टेपनी

आमच्या जीपची स्टेपनी रांजणाखाली होती, आणि ती तिथं मीच ठेवली होती. (वाक्य साधं आहे. पण नव्या सोयरिकीच्या माणसांपुढं ते चुकूनही उच्चारू नये. का, ते पुढं येईलच.)

हे सगळं दुष्काळात घडलं. आमचं गाव भूम तालुक्यातलं, त्यामुळं पावसाशी आमचे संबंध एरवीही तुटकच. त्या वर्षी मात्र त्यानं बोलणंच टाकलं. घरची जीप काही हौसेची नव्हती. आजूबाजूच्या गावांतलं दूध गोळा करून सोसायटीत पोचवायचं, हा आमचा जोडधंदा होता. वैरण संपली तशी म्हशींनी दूध द्यायचं थांबवलं. जीप आणि दुधाचे कॅन अंगणात रिकामे उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी मीही. अशा वेळी माणसानं गप बसावं. पण मला सुधारणा सुचायला लागल्या!

त्यातच मी सोलापूरला शेतीचं प्रदर्शन बघायला गेलो. शेती नव्हतीच, तेव्हा निदान प्रदर्शन तरी बघावं, एवढाच हेतू. तिथं एक टायवाला गृहस्थ लहानशी पत्र्याची पेटी घेऊन उभा होता. त्यानं आमच्यादेखत एका चाकात खिळा ठोकला. मग पट्ट्या घालून टायर उचकटला, ट्यूब बाहेर काढली, काचेच्या हौदात बुडवली, बुडबुडे निघाले तिथं बोट ठेवलं, कानस घासली, सोल्युशन लावलं आणि वर रबराचं ठिगळ चिकटवलं. बोलता बोलता पंक्चर निघालं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही माझ्या चालूच होत्या, तेव्हा त्यानं पेटी कुणाला विकायची ते ओळखलं.

घरी आल्या आल्या मी जीपच्या मागची स्टेपनी, म्हणजे जादा चाक, काढून टाकली. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून बघत होते.

"ती कशाला काढायलास रं?"

"आप्पा, स्टेपनी म्हंजे एकच चाक. एकदा वापरलं की संपलं. ह्या पेटीत डझनभर ठिगळं हायेत. म्हंजे झाल्या का न्हाई डझनभर स्टेपन्या? अन् खिशात मावत्यात!"

"आरं, स्टेपनी ती स्टेपनी. येळंला तीच उभी राहती. पेटी काय करती?"

"तुमचा जमाना गेला, आप्पा."

माझी बायको सिंधू दारात उभी होती. ती म्हणाली, "मला इचाराल तर तिला संगट असू द्या. तुमची काय अडचण करती ती?"

"अडचण करती म्हून तर काढली! तिच्या जागंवर दोन कॅन बसत्यात."

अंगणात पडलेल्या चाकाकडं आईचं लक्ष गेलं. आमचा रांजण बुडाला गोल, त्यामुळं कायम डुगडुगायचा, आणि दुष्काळात रांजण डुगडुगला की अख्ख्या घराचा जीव डुगडुगायचा. आईनं चाक आडवं टाकून घेतलं, मी त्यावर रांजण ठेवला, आणि तो असा बसला की जणू कंपनीनं चाक त्याच्यासाठीच बनवलं होतं. त्या दिवशी घरात सगळे खूष होते. एकटे आप्पा तेवढे विडी ओढत बसले.

आता खरी गोष्ट. माझी धाकटी बहीण शालन. शिकलेली, कळंबच्या वसतिगृहात राहून आलेली, आणि तोवर आलेल्या प्रत्येक स्थळाला तिनं काही ना काही खोट काढलेली. एक फार बोलतो, एक बोलतच नाही, एकाचा आवाज पितळी भांड्यासारखा. पण कळंबच्या माधवरावांना पाहिल्यावर ती फक्त "बरं हाय" म्हणाली. शालनच्या तोंडून "बरं हाय" म्हणजे डोक्यावर अक्षता पडल्यासारखंच! माधवराव सहकारी जिनिंगमध्ये नोकरीला होते, स्वभावानं मऊ. वडील नसल्यानं त्यांच्या घरचा सगळा कारभार व्यंकटमामांच्या हातात होता. व्यंकटमामांची कळंबच्या बाजारात धान्याची आडत होती. अंगानं भरदार, अब्रूच्या बाबतीत फार कडक आणि जिभेला त्याहून कडक. त्यांना आप्पांनी सुपारी फोडायला बोलावलं, तर ते म्हणाले, "येतो की. पण इतकी माणसं आणायची म्हंजे प्यायला पाणी पायजे. सोय असंल तर येतो, न्हाईतर पाऊस पडल्यावर बघू."

त्या वर्षी "पाऊस पडल्यावर बघू" याचा अर्थ काय होतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. शालन त्या दिवशी जेवली नाही. मला तिचं तसं तोंड बघवेना. मी छातीवर हात मारून म्हणालो, "पाण्याची जिम्मेदारी माझी!"

पाणी होतं माझ्या सासऱ्यांच्या विहिरीला. त्यांचं गाव कळंबच्या वाटेवर, आणि त्या भागात तेवढ्या एकाच विहिरीचा तळ दिसला नव्हता. (ही गोष्ट ते मला दर भेटीत ऐकवत.) सुपारीच्या दिवशी पहाटेच मी जीपमध्ये धुतलेले कॅन भरले, स्टेपनीच्या जागी दोन जास्तीचे बांधले आणि निघालो. सोबत चंद्राआत्या. आप्पांची थोरली बहीण, सत्तरीची, पांढऱ्या लुगड्यातली, आवाजानं सबंध गावाला पुरून उरेल अशी. "पाणी आणायचं म्हंजे गड्यामाणसाचं काम न्हाई," असं म्हणून ती न बोलावता पुढच्या सीटवर येऊन बसली होती.

विहिरीवर आत्यानं कमालच केली. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून घेतलं. मग फडकं बघितलं आणि परत गाळून घेतलं. सासरे हात जोडून म्हणाले, "आत्याबाई, आमी हेच पितो हो." आत्या म्हणाली, "तुमचं ठीक हाय, पाहुण्यांचं काय?" या शुद्धतेपायी ऊन चांगलं वर आलं. तेवढ्या वेळात पाहुण्यांचा ट्रक रस्त्यानं आमच्या पुढं निघून गेला, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. (व्यंकटमामांच्या आडतीचा मालट्रक, वर सतरंजी आणि सतरंजीवर पाहुणे.)

परतीच्या वाटेवर, जिथं माणूस नाही, झाड नाही आणि सावलीला फक्त जीपचीच सावली, अशा जागी चाकानं "फुस्स" केलं.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आनंद झाला! पेटी वापरायची संधी आली होती. मी जॅक लावला, चाक काढलं, पट्ट्या घातल्या, आणि टायवाल्यानं जसला टायर बोलता बोलता उचकटला होता तसल्याच टायरनं माझ्या दोन बोटांची सालं काढली. शेवटी ट्यूब बाहेर आली. पायपंपानं फुगवली. आता पुढची पायरी काय? मी आठवू लागलो आणि एकदम डोळ्यांपुढं तो काचेचा हौद आला.

"आत्या, जरा एक कॅन उघडा."

"का?"

"ट्यूब पाण्यात बुडवाया लागती. त्याबिगर भोक कळत न्हाई."

आत्या खाली उतरली, मागं गेली आणि कॅनांच्या मधोमध बसली. दोन्ही हात दोन झाकणांवर.

"ह्या पाण्यात तुझी ती काळी ट्यूब? ज्या पाण्याचा च्या व्याही पिणार, त्यात? हात तर लावून बघ!"

"अवो, पण गाडी चालली न्हाई तर पाणी पोचणार कसं?"

"ते तू बघ. म्या पाणी सांभाळायला आली, गाडी न्हाई."

"आत्या, शालनचं लगीन मोडंल!"

"म्हून तर म्हन्ते, पाण्याला हात लावू नगं!"

सगळ्या तालुक्यात त्या क्षणी सगळ्यात जास्त पाणी माझ्या जीपमध्ये होतं, आणि मला ट्यूब भिजवायला थेंब मिळत नव्हता. आत्यानं उपाय सुचवला, "थुकी लाव." मी प्रयत्न केला. पण त्या उन्हात तोंडात जीभ शिल्लक होती हेच पुष्कळ. मग ट्यूबला कान लावला. ट्यूब गरम, कान भाजला. गाल लावला, गाल भाजला. रस्त्याच्या कडेला ट्यूबला मिठी मारून बसलेला माणूस बघून समोरून येणारा एक मेंढपाळ दुरूनच वळला.

शेवटी आत्याला दया आली. तिनं झाकण उघडून एक तांब्या भरला. "हा येवढाच. अन् खाली घमेलं धर. सांडलेलं फुकट घालवायचं न्हाई, वाटंत एखादं झाड भेटलं तर त्याला घालू." मी थेंब थेंब ओतत ट्यूब फिरवू लागलो. आणि बुडबुडा आला! बाभळीच्या काट्यानं पाडलेलं सुईएवढं भोक. मी ओरडलो, आत्यानंही हात जोडले. मी कानस घासली, ठिगळ काढलं, सोल्युशनच्या नळीचं टोपण फिरवलं आणि नळी दाबली.

काही आलं नाही. जोरानं दाबली. मग पिळली. शेवटी दातानं फाडली. आत एक सुकलेली, लाकडासारखी कडक कांडी निघाली. पेटी मी मोठ्या कौतुकानं जीपच्या काचेमागं ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. उन्हाळ्यानं विहिरी आटवल्या होत्या, म्हशी आटवल्या होत्या, तो एवढ्याशा नळीला काय सोडणार!

"आता?" आत्या म्हणाली.

"आता काय न्हाई."

"टायरीत कडबा भरून चालवत्यात म्हनं."

"आत्या, कडबा असता तर म्हशीनं नसता का खाल्ला?"

आत्या गप्प बसली. आत्या गप्प बसली म्हणजे प्रसंग खरोखर वाईट, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. मला शालनचं न जेवलेलं तोंड दिसू लागलं. पाहुणे येऊन बसले असतील, मामा पाणी मागतील, आई रांजणातलं शेवटचं पाणी देईल, ते संपेल, आणि मामा उठून म्हणतील, पाऊस पडल्यावर बघू. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात कळंबकडून भूमला जाणारी एसटी आली. मी रस्त्यात आडवा झालो. एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती, टपावर माणसं होती. कंडक्टर म्हणाला, "कॅन-बिन काय चढायचं न्हाई. निरोप असंल तर सांगा." (मला घरीदारी भाऊ म्हणतात.) मी घाईघाईनं सांगितलं, "पुढल्या गावात स्टॉपच्या समोरच आमचं घर हाय. म्हणावं, भाऊनं सांगितलंय, स्टेपनी घरी ठेवलीय, ती लगोलग पाठवा. तिच्याबिगर गाडी हालत न्हाई." कंडक्टरनं मान हलवली, घंटी मारली, आणि एसटी माझ्या तोंडावर धूळ टाकून माझी अब्रू घेऊन निघून गेली.

यापुढचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण तो मला इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकवलाय की आता मी तिथं नव्हतो हेच खरं वाटत नाही.

आमच्या अंगणात मांडव घातलेला. मांडवात व्यंकटमामा, माधवराव, त्यांच्याकडची आठ-दहा वडीलधारी माणसं. आप्पा त्यांना सांगत होते, "पोरगं पाणी आणाया गेलंय, येईलच इतक्यात." एसटी थांबली. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "अवो, घरात कोन हाय का? तुमच्या भाऊचा निरोप हाय! स्टेपनी घरी ठेवलीय म्हनं, तिला लगोलग पाठवून द्या! तिच्याबिगर त्यांचं काय चालंना!"

टिंग टिंग. एसटी गेली.

आता इथं एक खुलासा. आमच्या घरात स्टेपनी म्हणजे चाक, दुसरं काही नाही. पण मामांची आडत होती. त्यांचा सगळा व्यवहार ट्रकवाल्यांशी, पार नळदुर्गच्या हायवेवरल्या धाब्यांपर्यंत त्यांच्या ओळखी. आणि ट्रकवाल्यांच्या बोलण्यात "स्टेपनी ठेवली" याचा अर्थ एकच. लग्नाची बायको सोडून ठेवलेली दुसरी बाई!

मामांच्या हातातला अडकित्ता जागीच थांबला. त्यांनी आप्पांकडं बघितलं. मुलाचं असलं लफडं चव्हाट्यावर आलंय, तर बाप शरमेनं मान खाली घालील, अशी त्यांची अपेक्षा. आप्पांनी मांडीवर थाप मारली!

"म्या सांगितलं व्हतं त्याला! स्टेपनीला सोडून जाऊ नगं म्हून!"

"तुमाला... माहीत हाय?" मामांनी कसंबसं विचारलं.

"माहीत? आवो, समदं गाव वळखतं तिला. गेल्या साली चेअरमनसायबांची अडचण झाली तवा त्यांनाबी दिली व्हती. आठ दिसांनी आणून सोडली."

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं कानाची पाळी धरली. तोवर सिंधू बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात चहाची कपबशी. मामांना वाटलं, आता या बिचारीवर काय प्रसंग! सिंधू म्हणाली, "मी तर हज्जारदा सांगितलं ह्यांना, तिला संगट न्या. घरी ठेवू नका. पण ह्यांनी नवी पेटी आणली, अन् जुनीची किंमत गेली."

"सूनबाई, तुमी सांगितलं? तुमी सोताहून?"

"मंग कोन सांगणार? तिच्याबिगर बाहेर पडले की माझ्या जिवाला घोर."

मामा उभे राहिले. तेवढ्यात आई आतून डोकावली आणि शेवटचा घाव तिनं घातला. "आता तिला कशी काढू? ती रांजणाखाली हाय! चार दिस झाले, हाललीबी न्हाई तिथून!"

मामांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि एकच शब्द उच्चारला. "उठा."

पाहुणे उठले. आमच्या घरचे सगळे भारावून गेले! आईला वाटलं, पोराची गाडी अडकलीय हे कळल्याबरोबर पाहुणे स्वतःहून मदतीला निघाले. ती म्हणाली, "काय देवमाणसं हायेत! च्याबी घेतला न्हाई!" आप्पांनी हात जोडले. मामांना वाटलं, हा माणूस आपल्याला टोमणा मारतोय, आणि ते आणखीच लाल झाले. ट्रकचं इंजिन सुरू झालं.

या सगळ्या मंडळींत एकाच माणसाला सगळं कळलं होतं, आणि ती म्हणजे शालन. तिनं आतल्या खोलीतून एकेक शब्द ऐकला होता, आणि वसतिगृहात राहून आल्यामुळं तिला दोन्ही अर्थ ठाऊक होते. आता ती बाहेर येऊन काय सांगणार? नवऱ्या मुलीनं मामेसासऱ्यापुढं "स्टेपनीचा तो अर्थ नाही" असं म्हणायचं, म्हणजे तो अर्थ तिला माहीत आहे हे कबूल करायचं! तिनं दारातून पाहिलं. माधवराव सगळ्यांच्या मागं, पाय ओढत चालले होते. तिनं हाक मारली.

"जरा इकडं येता का? रांजण धरायचाय."

माधवराव मऊ माणूस. कुणी काही धरायला सांगितलं की धरणारा. ते आत गेले, शालननं सांगितलं तसा दोन्ही हातांनी रांजणाला विळखा घातला आणि अर्धा भरलेला तो रांजण पोटाशी उचलून धरला. शालननं खालून चाक ओढून घेतलं आणि ती सरळ निघून गेली. खाली टेकवावा तर रांजणाला सपाट बूड नाही. सोडावा तर फुटणार!

"माधव!" बाहेरून मामा गरजले. "चल लवकर!"

"कसा येऊ, मामा?" आतून केविलवाणा आवाज आला. "रांजण सोडला तर घरचं पाणी जाईल!"

मामा तरातरा दाराशी आले. आणि त्याच वेळी, नवं लुगडं, नाकात नथ, आणि हातानं चाक ढकलत शालन उंबऱ्यावरून बाहेर आली. चाक गडगडत मामांच्या पायाशी गेलं, एक गिरकी घेतली आणि आडवं पडलं.

"ही घ्या," शालन खाली मान घालून म्हणाली. "दादाची स्टेपनी. जीप पंक्चर झाली असंल. तुमी मदतीला निघालाच हायसा, तर येवढी त्याला द्या."

मामांनी चाकाकडं बघितलं. मग शालनकडं. मग परत चाकाकडं. त्यांच्या कपाळाच्या शिरा एकेक करून खाली बसल्या. आणि अब्रूला जपणारा माणूस किती चपळ असतो ते पाहा, ते मागं वळून आपल्याच माणसांवर खेकसले, "बघता काय नुसते? चाक चढवा वर! पोरगं उन्हात बसलंय तिकडं! मी उगंच उठा म्हनलो व्हय?"

मी उन्हात बसलोच होतो. घमेल्यातलं पाणी घालायला आत्या झाड शोधत होती. एवढ्यात ट्रक आला, आणि त्यातून खुद्द व्यंकटमामा माझी स्टेपनी घेऊन उतरले. मला देवच भेटल्यासारखं वाटलं. मी धावत जाऊन त्यांचे पाय धरले.

"मामा, लई उपकार झाले! तुमाला माझ्या स्टेपनीसाठी यावं लागलं!"

मामा खोकले.

"तिच्याबिगर माझे काय हाल झाले, ते ह्या आत्याला इचारा!"

"बास," मामा म्हणाले. "बास, पाव्हणं. बोलू नका. चाक लावा."

चाक लागलं, जीप निघाली, पाणी पोचलं. माझ्या छातीवरचं मणाचं ओझं उतरलं. आत्यानं स्वतःच्या हातानं मामांना पहिला तांब्या दिला. मामा गटागटा प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पाणी एकदम साफ हाय." दोनदा गाळल्याचं सार्थक झालं म्हणून आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आत जाऊन बघतो तर जावईबापू अजून रांजण धरून उभे! आप्पांनी विटा आणून ठेवल्या होत्या, पण माधवराव म्हणत होते, "राहू द्या, मला काय तरास न्हाई." शालन चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती हसतेय हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मला त्या दोघांकडं बघून इतकं बरं वाटलं की मीच रडलो. सुपारी फुटली. रांजण विटांवर बसला, आणि एका बाजूला कलत होता तिथं आईनं माझी ती पत्र्याची पेटी सरकवली. पेटीचा तेवढा एकच उपयोग झाला, पण तो अगदी पक्का झाला.

खरा प्रकार मला लग्नानंतर शालननं सांगितला, आणि मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. मामांनी मला नंतर एकदाच बाजूला घेऊन सांगितलं, "पाव्हणं, एक ध्यानात ठेवा. हितून म्होरं तिला घरी ठेवू नका." तो शब्द मी आजवर पाळला.

मधे बरीच वर्षं गेली. शालनची लेक लग्नाला आली. आता मुलीचा मामा मी! आम्ही स्थळ बघायला लातूरकडं गेलो. शालन, माधवराव, काठी टेकत आलेले व्यंकटमामा, आणि धोतराला इस्त्री करून मी. मोठं घर, शिकलेली माणसं, मुलाचे वडील निवृत्त हेडमास्तर. मी मामाला शोभेल असा गंभीर चेहरा करून बसलो होतो. हेडमास्तर अदबीनं म्हणाले, "गाडीत आणखी कुणी आहे का? त्यांनाही आत बोलवा, चहा घेतील."

मी म्हणालो, "छे, छे, कुणी नाही. स्टेपनी तेवढी आहे. आता मी तिला घरी ठेवतच नाही, जाईन तिथं सोबत घेऊन फिरतो."

हेडमास्तरांनी हातातली बशी खाली ठेवली. व्यंकटमामांनी डोळे मिटून घेतले. माधवराव सवयीनं धरायला रांजण शोधू लागले, आणि शालन उठली, तिनं पदर खोचला आणि चाक आणायला गाडीकडं निघाली.